नावाआधी काय लावू?

या अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "लेख पाठवा, आणि तुमच्या नावाआधी काय लावू तेही कळवा." मी इतका हसलो, की बायको स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आली. अहो, हाच प्रश्न विचारण्यात माझी उभी हयात गेली! मंडपाच्या खांबाला टेकायचं, माइकवर पंजा ठेवायचा, आणि समोर येऊन घसा खाकरणाऱ्या पाहुण्याला हळूच विचारायचं, "शेठ, नावाआधी काय लावू?" आता कोणीतरी तेच मला विचारत होतं. मी म्हटलं, काही लावू नका, नुसतं दत्ता लिहा. त्यांना तो माझा विनय वाटला. विनय कसला डोंबलाचा! धसका आहे तो, आणि त्यालाही कारण आहे.

मी माइकवाला होतो. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं आणि पुढची जवळजवळ सगळी नव्वदी मी पनवेल आणि आसपासच्या गावांतल्या लग्नांत उभ्याने काढली. टपाल नाक्याजवळ हसनभाईंचं साउंड सर्व्हिसचं दुकान होतं. त्यांचे थोरले भाऊ कुवेतला. तिकडून त्यांनी मशीन पाठवलेलं, म्हणजे अॅम्प्लिफायर. भोंगे, वायरी, बॅटऱ्या हसनभाईंच्या आणि आवाज माझा, अशी आमची भागी. हसनभाई स्वतः माइकवर कधी बोलले नाहीत. "म्याँ, मी बोललो तर लोकांना वाटतं मशीन बिघडलं," असं म्हणायचे. खरंच तसं वाटायचं.

बाहेरच्या माणसाची समजूत अशी, की माइकवाला म्हणजे गाणी लावणारा. गाणी कोणीही लावेल. लग्नातलं खरं काम म्हणजे स्वागत. त्या वर्षांत आमच्याकडच्या जमिनी प्रकल्पात गेल्या, लोकांच्या हातात पैसा खेळू लागला, मंडप मोठे झाले आणि माणसं एकाएकी मान्यवर झाली. मान्यवर मंडपात शिरला, की चारही भोंग्यांतून त्याचं नाव गेलं पाहिजे. गव्हाणपासून आपट्यापर्यंत कुठेही जा, हा रिवाज होता. नाव नाही घेतलं तर माणूस जेवायचा नाही, आणि पुढच्या पिढीपर्यंत बोलून दाखवायचा. नुसतं नाव घेतलं तरी चालायचं नाही. नुसत्या नावाने म्हशीलाही हाक मारतात, असं मला एका चेअरमनने तोंडावर सुनावलं होतं.

सरपंच, माजी सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे चेअरमन यांची अडचण नसायची. पद तयार असतं, ते पुढे लावायचं आणि मोकळं व्हायचं. पंचाईत बाकीच्यांची. त्यांच्यासाठी मी माल बनवून ठेवलेला होता. ज्याच्या शेतात पोरं क्रिकेट खेळतात तो क्रीडाप्रेमी. ज्याची पोरं दहावी पास झाली तो शिक्षणप्रेमी. ज्याची पिठाची गिरणी तो सुप्रसिद्ध उद्योजक. आणि ज्याला काहीच कामधंदा नाही, तो समाजसेवक. एकदा दोन चुलतभाऊ पाठोपाठ आले. पहिल्याला मी समाजसेवक केलं. दुसरा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "त्याला दिलास तो मना नको. दुसरा काढ." त्याच्या शेळ्या होत्या, म्हणून मी त्याला निसर्गप्रेमी केलं. पावसाळ्यात शाळेच्या मुलांनी झाडं लावली तेव्हा पाहुणा म्हणून त्याला बोलावलं. तो शेळ्या घेऊनच गेला. भाषण संपेपर्यंत शेळ्यांनी अर्धी रोपं फस्त केली होती.

शब्दाला काय किंमत असते ते मला तसल्या गमतींतून कळत गेलं. एका लग्नात विजेच्या खांबावर आकडा टाकलेला होता. भर मुहूर्ताला वायरमन पकड घेऊन हजर. यजमानाचा चेहरा पडला. मी माइक उचलला आणि म्हटलं, "आपल्या सर्वांच्या आयुष्यात प्रकाश आणणारे मान्यवर नुकतेच मंडपात दाखल झाले आहेत, त्यांचं सहर्ष स्वागत!" कोणीतरी गळ्यात हार घातला, कोणीतरी नारळ दिला. हार घातलेला माणूस खांबावर चढणार कसा? बिचाऱ्याने नवरानवरीवर अक्षता टाकल्या, जेवला आणि जाताना म्हणाला, "पोरगी नांदायला गेली की आकडा तेवढा काढा हां." हसनभाई मला म्हणाले, "दत्तू, तुझ्या तोंडात फ्यूज नाही. एखाद्या दिवशी जाळ होईल." मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

जाळ झाला तो करंजाड्याच्या पलीकडच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून मला लग्नाला बोलावतात.

त्या गावचे सरपंच हिराजीशेठ. गावात त्यांचा दरारा होता. मोटारसायकलचा आवाज आला की ओट्यावर बसलेली माणसं आपोआप उठून उभी राहायची. मीही त्यांच्या नावाआधी एकदम तीन शब्द लावायचो, "कार्यसम्राट, विकासपुरुष, विद्यमान सरपंच." तिन्ही म्हणून होईपर्यंत ते मंडपाच्या तोंडाशी थांबत आणि मगच पाऊल आत टाकत. त्याच गावात गोमा म्हणून एक गृहस्थ होता. वयाने हिराजीशेठच्याच बरोबरीचा. मिठागरावर काम करायचा, उरलेल्या वेळात खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायचा. बोलणं म्हणाल तर "हा" आणि "नाय", आणि फारच भरभरून बोलायचं असलं तर "बघू". गावात त्याला वाईट म्हणणारा कोणी नव्हता, कारण त्याच्याबद्दल बोलणाराच कोणी नव्हता.

त्या गावात एक लग्न होतं. गर्दी मरणाची. मी भरात आलेलो, आणि एवढ्यात हा गोमा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. धुवट सदरा, हातात काठी. काही न बोलता नुसता उभा. माझ्यासमोर कोणी असं उभं राहिलं की त्याचा एकच अर्थ असायचा. मी माइकवर पंजा ठेवला आणि विचारलं, "नाव?"

"गोमा."

"पद काय?"

"नाय."

"पूर्वी काही होतात? सोसायटीत, पंचायतीत?"

"नाय."

"क्रिकेटची आवड? मुलं शिकतात?"

"एक पोरगी हाय."

आता आली का पंचाईत? मला त्या माणसाची दया आली. आज काही नाही, काल काही नव्हता. मग देवाने त्याच्याकडे शिल्लक काय ठेवलं? उद्या! उद्या कोणाचाही असतो, त्यावर कोणाची मालकी नसते. मी माइक उचलला आणि ठोकून दिलं, "या गावाचे भावी सरपंच, माननीय श्री. गोमाजीशेठ यांचं मंडपात आगमन झालेलं आहे. त्यांचं हार्दिक स्वागत, सुस्वागत!"

गोमाने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाऊ, तिकडं म्हस तुमची वायर खाते. ता सांगाया आलतो." आणि निघून गेला.

तिकडे पंगतीत हिराजीशेठनी हातातला घास पानात परत ठेवला आणि पाणी प्यायले. बाजूच्या माणसाला विचारलं, "ह्याच्या पाठीमागं कोन हाय?" पाठीमागे म्हैस होती. पण हे त्यांना सांगणार कोण? पंचायतीची निवडणूक तोंडावर आलेली. राजकारणातल्या माणसाला योगायोग पटत नाही, त्याला डाव लागतो. ते पान सोडून उठले आणि सगळी पंगत उठली.

पुढचं मला नंतर कळत गेलं. गोमाच्या भावकीला आजवर गोमा कधी आठवला नव्हता. आता त्यांची खलबतं सुरू झाली. धर्मा म्हणून त्यांच्यातला म्होरक्या होता, तो म्हणाला, "गप बसतो तो उगाच नाय. डोक्यान मोठा डाव हाय त्याच्या." गोमा गप्प बसायचा कारण त्याला बोलायला काही नसायचं, पण आता त्या गप्प बसण्याला खोली आली. देवळातल्या बैठकीत त्याला खुर्ची मिळाली. नळावर त्याच्या बायकोला बाया पुढे जाऊ देऊ लागल्या. लोक भांडणं घेऊन त्याच्याकडे येऊ लागले. तो दोन्ही बाजू ऐकायचा आणि म्हणायचा, "बघू." वादी खूश, प्रतिवादी खूश. बांधाचं एक भांडण दोन घरांत कधीपासून चाललं होतं, ते ह्या "बघू"वर मिटलं. मला हे कळलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, छाती फुगली. एका शब्दात मी माणूस उभा केला होता!

निवडणुकीचं काय झालं याकडे तुमचं लक्ष लागण्याआधी सांगून टाकतो, की गोमा उभाच राहिला नाही. गोष्ट त्याची नाहीच. गोष्ट गोमाच्या त्या एकुलत्या एका पोरीची, सुमनची आहे.

एका सकाळी गोमा आमच्या दुकानात आला. गावापासून पायीच आलेला. हातात पिशवी, पिशवीत जिवंत चिंबोऱ्या. पिशवी त्याने टेबलावर ठेवली आणि उभा राहिला. हसनभाईंनी चहा मागवला. चहा आला, प्यायला झाला, तरी तो बोलेना. शेवटी म्हणाला, "सुमनचा लगीन मोडतंय."

मला तोपर्यंत पत्ताच नव्हता. सुमनचं लग्न ठरलं होतं ते हिराजीशेठच्या सख्ख्या भाच्याशी. साखरपुडा उरकलेला, तारीख धरलेली, पोरापोरीचं एकमेकांवर मन बसलेलं. आणि हिराजीशेठनी निरोप धाडला होता, की ज्या माइकवरून तो शब्द बोलला गेला त्याच माइकवरून तो मागे घ्या, नाहीतर मी भाच्याच्या पाठीशी उभा राहणार नाही. आमच्याकडे नवऱ्याचा मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय लग्न लागत नाही. मामा रुसला म्हणजे लग्न अडलं.

"तुमी बोलले," गोमा म्हणाला, "आता तुमीच काढा."

एवढ्यात हसनभाई किंचाळले. पिशवीचं तोंड सुटलं होतं आणि चिंबोऱ्या दुकानभर पसरल्या होत्या. एक मशीनच्या मागे गेली, एक हसनभाईंच्या चपलेत. हसनभाई स्टुलावर उभे राहून "तौबा तौबा" करू लागले. गोमा खाली बसून एकेक चिंबोरी शांतपणे पकडून पिशवीत टाकू लागला, आणि टाकता टाकता इतकंच म्हणाला, "पोर जेवत नाय." मी गुडघ्यांवर बसून त्याच्याबरोबर चिंबोऱ्या शोधत होतो. कधी न बोलणारा माणूस माझ्याशी तीनदा बोलला होता.

मी तडक गावात गेलो आणि हिराजीशेठना शब्द दिला, लग्नात माइकवरून तो शब्द मागे घेतो. ते खूश झाले, बायकोला चहा टाकायला सांगितलं. बाहेर पडतो तर पिंपळाखाली धर्मा आणि त्याची माणसं. "माइकवाले भाऊ, लग्नात नाव नीट घ्या हां," धर्मा प्रेमाने खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "भावी सरपंच. शब्द गाळलात तं तुमचे भोंगे खाडीन जातील." मग जरा विचार करून म्हणाला, "तुमी पन."

आता बोला! शब्द काढला तर मी खाडीत, नाही काढला तर लग्न खाडीत.

लग्नाचा दिवस उजाडला. मंडप गोमाच्या दारात, माझे भोंगे समोरच्या नारळावर. नवरदेव रिवाजाप्रमाणे वेशीवरच्या मारुतीच्या देवळात येऊन बसला, सोबत बँड, वऱ्हाड आणि मामा हिराजीशेठ. तिथून वाजतगाजत मंडपात यायचं. पण देवळातून निरोप आला, आधी भोंग्यातून माघार ऐकू येऊ दे, मग आम्ही उठू. इकडे धर्मा आणि त्याची माणसं माझ्याभोवती कोंडाळं करून उभी. मी हातात माइक घेऊन तसाच. बँडवाले तिकडे एकच गाणं परत परत वाजवत होते, कारण निघायचं गाणं वाजवायची त्यांना परवानगी नव्हती.

मग वाटाघाटी सुरू झाल्या. देवळातून माणसं मंडपात, मंडपातून देवळात. मी इतकी वर्षं शब्द वाटत आलो, पण एका शब्दाची अशी ओढाताण कुठे पाहिली नाही. कोणी म्हणालं, शब्द बोला, पण हळू बोला. धर्मा म्हणाला, हळू बोलायला माइक कशाला? दुसरा म्हणाला, बँड जोरात वाजत असताना बोला, म्हणजे बोलल्यासारखंही होईल आणि ऐकू जाणार नाही. हे देवळात मान्य झालं, पण मंडपात धर्माने विचारलं, "मग ऐकनार कोन?" तिसऱ्याने सुचवलं, सगळ्यांनाच भावी म्हणा. हिराजीशेठनाही भावी सरपंच म्हणा. देवळातून उत्तर आलं, म्हणजे आत्ता मी कोण?

शेवटी शाळेचे गुरुजी पुढे झाले. म्हणाले, सोपं आहे. गोमाजींना "भावी माजी सरपंच" म्हणा. माजी म्हणजे संपलेला, म्हणून देवळात आनंद झाला. इकडे धर्मा बोटं मोजत म्हणाला, "माजी व्हायचा तं आदी सरपंच व्हायलाच लागंल ना? मंजूर!" दोन्हीकडे मंजूर! हार आणले, बँडवाल्यांनी निघायचं गाणं सुरू केलं, मी माइक तोंडाशी नेला. आणि तेवढ्यात धर्माचं ते मोजणं कोणीतरी देवळात पोचवलं. बँड थांबला. सगळी माणसं परत खाली बसली.

मुहूर्त टळून गेला होता. भटजी पंचांगात दुसरा शोधत होते, तोही टळत आला. आचारी येऊन सांगून गेला, की भात आता पुन्हा गरम केला तर खीर होईल. बायकांच्या घोळक्यात गंगूआय बसली होती. ती धवलारीण, म्हणजे लग्नाचे धवळे गाणारी आणि रीतीभाती सांगणारी बाई. तिचं आणि माझं कधी पटलं नाही. माझ्या भोंग्यांनी तिचे धवळे गिळून टाकले होते. तिच्या गळ्यात नवरानवरीच्या सात पिढ्यांची नावं होती, आणि मी तिच्यावर क्रीडाप्रेमी आणि उद्योजक ओतत होतो. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं, आणि खूप वाटतं, पण आता ती नाही आणि ते धवळेही कोणाला येत नाहीत.

आतल्या खोलीतून सुमन दारात आली. मुंडावळ्या बांधलेली, हिरवा चुडा, डोळे रडून लाल. तिने मंडपभर पाहिलं आणि बापाला विचारलं, "आबा, हळद धुऊन टाकू का?"

गोमाचे ओठ नुसते हलले. त्या क्षणी मला माझी जीभ उपटून टाकावीशी वाटली. खांबाला पाठ लावून मी उभा होतो आणि जगात माझ्याकडे सगळे शब्द होते, त्या पोरीला सांगायला मात्र एकही नव्हता.

गंगूआय उठली. गुडघ्यांवर हात ठेवत गोमाच्या पुढ्यात आली आणि म्हणाली, "सगला गाव बोलला रं. पोरीचा बाप तेवढा नाय बोलला."

गोमा माझ्याकडे आला. त्याने हात पुढे केला. मी माइक दिला. धर्माची माणसं सरसावून उभी राहिली. त्यांना वाटलं, आता भावी सरपंचांचं पहिलं भाषण. गोमाने उभ्या जन्मात माइक धरला नव्हता. त्याने तो चिंबोरी धरतात तसा मागून घट्ट धरला आणि अगदी तोंडाला लावला. भोंग्यांनी शिटी मारली. हसनभाईंनी धावत जाऊन बटण खाली केलं. मग गावभर गोमाचा नुसता श्वास ऐकू येऊ लागला. आत, बाहेर. वेशीपर्यंत, देवळापर्यंत, खाडीवरच्या होड्यांपर्यंत. लोक खाकरायचेही थांबले.

"हिऱ्या," गोमा म्हणाला.

कार्यसम्राट, विकासपुरुष, विद्यमान! गावातलं शेंबडं पोरही त्यांना हिराजीशेठ म्हणायचं, आणि हा चार भोंग्यांतून हिऱ्या म्हणाला. धर्माने डोक्याला हात लावला. हसनभाई वायरी गुंडाळायला धावले, त्यांनी पुढचं ओळखलं होतं.

"हिऱ्या, ये रं," गोमा म्हणाला. पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी, तितक्या साध्या आवाजात. "पोर उभी हाय मंडपान. जेवान निवला." आणखी काही सुचेना, म्हणून त्याने माइक माझ्या हातात परत दिला आणि सुमनच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

देवळाकडे बँड गप्प होता. आता काय होणार ते सगळ्यांना कळत होतं. मग रस्त्याच्या वळणावर हिराजीशेठ दिसले. एकटेच पुढे येत होते, फेटा हातात, पाय भराभर टाकत. त्यांच्या मागे नवरदेव बाशिंग सांभाळत पळत होता, त्याच्या मागे वऱ्हाड, आणि सगळ्यात शेवटी बँडवाले, वाजवायचं की नाही हे न कळून नुसतेच पळणारे. हिराजीशेठ मंडपाच्या तोंडाशी आले. माझा हात सवयीने वर गेला. "कार्यसम्राट..." मी सुरुवात केली.

त्यांनी माझ्या माइकवर पंजा ठेवला. माझ्या सगळ्या उमेदीच्या वर्षांत असं करणारा तो एकच पाहुणा.

ते गोमापुढे जाऊन उभे राहिले. धर्माची माणसं पुढे सरकली, वऱ्हाडातली चार दांडगी पोरंही सरकली. सुमनने बापाचा हात धरला.

"काय बोललास?" हिराजीशेठनी विचारलं.

"हिऱ्या बोललो," गोमा म्हणाला.

"परत बोल."

धर्मा मध्ये पडायला गेला, तर हिराजीशेठनी त्याला नुसत्या कोपराने बाजूला केलं. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. एवढा मोठा माणूस, भर मंडपात, आणि पुसायचंही भान नव्हतं. "आय गेली," ते म्हणाले, "तवापासून कोनी हाक नाय मारली रं या नावान. बायको शेठ बोलते, भाऊ शेठ बोलतो, पोरा साहेब बोलतात. बोल ना."

"हिऱ्या," गोमा म्हणाला, आणि पुढे म्हणाला, "फेटा बांद. पोर ताटकलली."

हिराजीशेठनी फेटा बांधायला घेतला. दोनदा सुटला, जमेना. गोमाने तो त्यांच्या हातातून काढून घेतला, त्यांना खांद्याला धरून वळवलं आणि मागे उभा राहून बांधू लागला. भटजी घाईघाईने अंतरपाट शोधत होते. गंगूआयने धवळा सुरू केला होता, आणि मी हसनभाईंना खुणेने मशीन बंद करायला सांगितलं.